उन्हात विषाचे विघटन करणारा पत्रा

फवारणीचा पंप धुतलेले पाणी ओढ्यात सोडणे घातक होय. त्यातील विषाचे विघटन उन्हाच्या साहाय्याने करण्याचा मार्ग विज्ञानाने दाखविला आहे. टिटॅनियमचा पत्रा फ्लोराइडयुक्त द्रावणात विजेच्या धन टोकास जोडला असता त्यावर ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा थर वाढतो. सुमारे ४५० अंश सेल्सिअसला तापविल्यावर तो प्रकाशात कार्यक्षम होतो. याच ऑक्साइडची भुकटी वापरल्यास ती पाण्यातून गाळावी लागते. पत्रा नुसता उचलता येतो. म्हणून आमच्या मते पत्राच श्रेयस्कर. परंतु सूर्यप्रकाशातील सुमारे ५ टक्के अतिनील किरणेच त्यास उपयोगी पडतात, आणि गढूळ पाण्यात तीही खोल जात नाहीत. यास्तव शेतावर कसोटी होईपर्यंत कार्यकर्त्यांनी आश्वासने देऊ नयेत. शेतकरी बंधूंनी पंप धुतलेले पाणी त्याच पिकावर फवारून संपवावे.