दोन दप्तरं जोडली, पण नावं जुळली का?

२०२३ च्या खरिपात ज्यांनी कापूस किंवा सोयाबीन पेरलं होतं, त्यांना राज्य शासनाने २०२४ मध्ये अर्थसहाय्य दिलं. हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत, आणि वीस आरपेक्षा कमी क्षेत्राला सरसकट एक हजार. त्या वेळी संमतीपत्रांचे गठ्ठे घेऊन आम्ही कृषी सहायक दारोदार फिरत होतो, तेही आठवत असेल. "साहेब, सगळं कॉम्प्युटरवर आहे म्हणता, मग परत आधारची झेरॉक्स कशाला?" असं किती जणांनी विचारलं याची गणती नाही. प्रश्न रास्त होता. पारावर उभ्या उभ्या त्याचं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

झालं होतं असं. कोणत्या गटात काय पेरलं, ही माहिती महसूल खात्याकडे. ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली आणि तिचा पाया सातबारा. सातबाऱ्यावर नाव आहे, गट आहे, क्षेत्र आहे; पण आधार क्रमांक नाही, बँकेचं खातं नाही. उलट पीएम किसानच्या दप्तरात आधार आहे, खातं आहे. पण यंदा रानात काय उभं आहे ते नाही. एकाला पीक ठाऊक, दुसऱ्याला माणूस ठाऊक. पैसे द्यायचे तर दोन्ही एकत्र यायला हवेत. ते जोडायचे कशाच्या आधारावर? दोन्हीकडे सारखं सापडतं ते गाव आणि खातेदाराचं नाव.

गावाचं एक वेळ जमतं. बुद्रुक-खुर्दचा घोळ नको म्हणून गावाला क्रमांक दिलेला आहे. नव्या सातबाऱ्यावर गावाच्या नावापुढे कंसात तो छापलेला दिसेल. खरा घोळ नावाचा. सातबाऱ्यावर 'दत्तू', आधारला 'दत्तात्रय', पासबुकात इंग्रजीत आणि शेवटी एखादं अक्षर जास्त. बाईमाणसाचं तर विचारूच नका. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, आणि सातबाऱ्याला आडनावच नाही, नुसतं 'भ्र.' लावून नवऱ्याचं नाव. तलाठी भाऊसाहेब (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, आणि आम्हालाही २०२५ पासून सहायक कृषी अधिकारी, गावात अजून दोघांची जुनीच नावं चालतात) तुम्हाला चालीवरून ओळखतील. संगणक फक्त अक्षर बघतो. अक्षर चुकलं की त्याच्या लेखी माणूस दुसरा.

याहून अवघड म्हणजे सामाईक खातं. माझ्याकडच्या एका गावात एका गटावर सहा नावं आहेत. कसतो एकटा. दोन भाऊ पुण्याला कंपनीत, दोन बहिणी लग्न होऊन गेलेल्या, आणि सहावं नाव वडिलांचं. ते वारून सात वर्षं झाली, वारस नोंद झालेली नाही. पोराने पीक पाहणी केली ती मोबाईलवर यादीत वरती दिसलं त्या नावाने, म्हणजे वडिलांच्या. आता त्या नावाला आधार कुठून जोडणार? बाकीच्यांची ना-हरकत मिळवायला त्याने पुण्याच्या दोन चकरा केल्या. तरी वडिलांची सही आणणार कोण? त्याचे पैसे बुडाले. ही संगणकाची चूक म्हणता येणार नाही आणि पोराचीही पुरती नाही.

दप्तरं जोडणं म्हणजे प्रत्यक्षात काय, ते थोडक्यात सांगतो. जुनी पद्धत यादीची. एका खात्याने यादी काढायची, दुसऱ्याने ती आपल्या यादीशी ताडून बघायची. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज एकीकडे आणि बँकांची रकाने भरलेली माहिती दुसरीकडे होती. ती जुळता जुळता किती दिवस गेले, ते तुम्ही भोगलं आहे. याद्या निघेपर्यंत शिळ्या होतात, हा त्या पद्धतीचा मोठा दोष.

दुसरी पद्धत दोन दप्तरांच्या मधल्या भिंतीला खिडकी ठेवायची. याचं चांगलं उदाहरण जमिनीच्या खरेदीचं. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं की त्याची माहिती तिथून महसूलच्या ई-फेरफारात आपोआप येते, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. खत घेऊन चावडीला अर्ज द्यायची गरज राहिली नाही. इथे ताळा नावाच्या जोडीला गट क्रमांकाने बसतो आणि शेवटी माणूस तपासतो.

तिसरी पद्धत, दोन्हीकडे एकच क्रमांक. ॲग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक त्यासाठीच. आधार आणि तुमचे गट त्यात एकदाच जोडले जातात, मग प्रत्येक योजनेला नव्याने नावं जुळवत बसायला नको. कृषी खात्याच्या योजनांना १५ एप्रिल २०२५ पासून तो आवश्यक झाला. पीक विम्यालाही २०२५ च्या खरिपापासून हा क्रमांक आणि ई-पीक पाहणी लागते. त्यामागचं कारण माहीत असावं. एक रुपयात विमा होता तेव्हा दुसऱ्याच्या, काही ठिकाणी तर सरकारी जमिनीवरही विमा उतरवल्याचं उघड झालं. विम्याच्या दप्तराची सातबाऱ्याशी जोडणी कच्ची होती, म्हणून ते खपून गेलं.

हे चांगलंच झालं. पण क्रमांक मिळाला म्हणजे सुटलो, असं समजू नका. हा क्रमांक सातबाऱ्यावरून तयार होतो. सातबाऱ्यात चूक असेल तर तीच चूक आता विम्याला, अनुदानाला, सगळीकडे जाईल. आणि बटाईने कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावरच नाही, तर तो या क्रमांकात येणार कसा? घाम त्याचा आणि भरपाई मालकाच्या खात्यावर, हा जुना अन्याय दप्तरं जोडल्याने मिटत नाही, उलट पक्का होतो. याचा विचार वरच्या पातळीवर व्हायला पाहिजे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुक एका रांगेत मांडून नावाचं एकेक अक्षर वाचा. सातबाऱ्यात लिहिण्याची चूक असेल तर तहसीलदारांकडे कलम १५५ खाली अर्ज करता येतो. वारस नोंद राहिली असेल तर ई-हक्क वरून अर्ज होतो, त्याला उद्याचा दिवस नको. ओळख क्रमांक काढल्यावर नवी जमीन घेतली किंवा वाटणी झाली असेल तर तो गट क्रमांकात आला का, ते बघा. गावपातळीवरच्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. यादीत 'नाव जुळत नाही' असा शेरा आला की शेतकऱ्याला नुसतं परत पाठवू नका. चूक कोणत्या कागदात आहे आणि तो कोण दुरुस्त करतो, ते चिठ्ठीवर लिहून द्या. पाच मिनिटांचं काम आहे, त्याची तालुक्याची खेप वाचते.

वर सांगितलेल्या त्या पोराची वारस नोंद आता मंजूर झाली आहे. ओळख क्रमांकात मात्र तो गट अजून चढलेला नाही. सोमवारी त्याला कागद घेऊन बोलावलं आहे.