जखमी रोह्याची जबाबदारी कोणाची?



या सोमवारी आमच्या शिवारात नाल्याच्या काठी पोटात गोळी लागलेला एक रोही (नीलगाय) सापडला. त्याला उठता येत नव्हते आणि मरणही येत नव्हते. गोळी झाडणारा ‘लागली, पण पळाला’ एवढे सांगून आदल्या रात्रीच जीपमधून निघून गेला होता.

मी शेतकरी आहे. रोही आणि रानडुकरं पराटीचे, तुरीचे काय करतात हे मला कोणी शिकवायला नको. पीक नासवणारे रोही-रानडुक्कर मारण्याच्या अर्जाला वन विभागाकडून २४ तासांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजावे, या २०१५ च्या शासन निर्णयाचे मी स्वागतच केले होते. पण ही परवानगी मारण्याची आहे, अर्धमेले करून सोडण्याची नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात जखमी करणे हीसुद्धा शिकारच आहे. मग मेलेल्या जनावराचा पंचनामा होतो, तसा पळालेल्याचा हिशेब कोणी का मागत नाही?

जनावर आडवे उभे असावे, नेम पुढच्या पायाच्या मागे छातीवर धरावा, हे गावातला कोणताही जुना जाणता सांगेल. तिथे गोळी बसली की जनावर थोड्याच अंतरात कोसळते. पोटात बसली तर ते तासन्तास रखडते. टॉर्चच्या झोतात, पळत्या कळपावर बार टाकणाऱ्याला छाती कुठली दिसणार? आणि जखमी डुक्कर सकाळी कापूस वेचणाऱ्या बायांच्या अंगावर धावते, तेव्हा हा नेमबाज कुठे असतो?

१९२८ मध्ये साबरमती आश्रमात तडफडणाऱ्या वासराला गांधीजींनी इंजेक्शन देववून यातनांतून सोडवले आणि त्यासाठी चौफेर टीका सोसली. त्यांच्याच सेवाग्रामच्या जिल्ह्यात आपण जखमी मुके जीव नाल्यात सोडून घरी झोपतो, याची मला लाज वाटते.

कुंपणात वीज सोडणारेही याच पंगतीतले. ऑक्टोबर २०१७ मध्ये आपल्याच कारंजा तालुक्यात सिंदीविहिरीच्या शिवारात अशाच तारेने वाघीण मेली. तरी तारा सुरूच आहेत.

वन विभागाला कळकळीची विनंती आहे. पळत्या जनावरावर गोळी झाडायला सक्त मनाई करा. जनावर जखमी झाले तर ते सापडेपर्यंत दुसरा बार नको, आणि माग काढण्याचे काम त्याच नेमबाजाने करावे. जो हे करणार नाही, त्याला जिल्ह्यात पुन्हा परवानगी देऊ नये.

– एक शेतकरी, ता. कारंजा (घाडगे), जि. वर्धा