उच्चाराला हसू नका, शब्द फोडायला शिकवा

जालन्यात २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ‘नीट’ मराठीतून देता येते, एमबीबीएसची पुस्तके मात्र इंग्रजीत. भोकरदन किंवा मंठ्याच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्राचे शेकडो लॅटिन शब्द तोंडी परीक्षेत मोठ्याने म्हणावे लागतात. तो ‘स्कॅप्युला’वर, म्हणजे खांद्याच्या फऱ्यावर, अडखळला की वर्गात खसखस पिकते. ही खसखस अन्यायाची आहे आणि अज्ञानाचीही.

कारण या शब्दांचा नियम त्याला अर्धा आधीच येतो. वृत्ते शिकताना त्याने लघु-गुरू ओळखलेले असतात. लॅटिनमध्येही तसेच. लांब शब्दात शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर जोर त्यावर, लघु असेल तर त्याआधीच्यावर. ‘स्कॅ-प्यु-ला’तले मधले अक्षर मुळात लघु, म्हणून जोर ‘स्कॅ’वर. ‘पटेला’त मुळात एल दोन, जणू जोडाक्षरच, म्हणून ‘टे’ गुरू. ‘ड्यु-ओ-डी-नम’मध्ये जोर ‘डी’वर. (लहान आतड्याचा हा पहिला भाग बारा बोटे लांब मानला गेला, त्यावरून हे नाव.)

इंग्रज स्वतः हा नियम दरवेळी पाळत नाहीत. श्वासनलिकेला ब्रिटिश डॉक्टर ‘ट्रकीआ’ म्हणतात, अमेरिकी ‘ट्रेकिआ’. दोन्ही बरोबर. मग जालन्यातल्या मुलाचेच गुण का कापायचे?

कडक व्हायचे ते रुग्णाच्या जिवाशी संबंध येतो तिथे. ‘पेरोनियल’ मज्जातंतू गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने जातो. त्याला इजा झाली तर पाऊल लुळे पडते. ‘पेरिनियल’ म्हणजे जननेंद्रिये आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागाचा. फोनवर घाईत दोन्ही सारखेच ऐकू येतात. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय शब्दसूचीने पहिल्यासाठी ‘फिब्युलर’ला पसंती दिली, ते योग्यच झाले. ‘इलियम’पुढे तर शुद्ध उच्चारही हात टेकतो. कमरेचे हाड आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग, दोन्हींचा उच्चार तोच. स्पेलिंगमध्ये फक्त आय की ई एवढा फरक. इथे ‘हाड’ की ‘आतडे’ हे सोबत सांगण्याची सवयच लावावी.

२०१९ पासून एमबीबीएसच्या सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो, त्यात भाषेचेही तास आहेत. ते इंग्रजी संभाषणात घालवण्यापेक्षा फळ्यावर रोज वीस शब्द फोडून म्हणून घ्यावेत. आणि पुस्तकाच्या समासात कोणी देवनागरीत ‘ड्यु-ओ-डी-नम’ लिहिलेले दिसले, तर सरांनी कपाळाला आठ्या घालू नयेत.