गळ्यातली चांदी कोणाची?

मोरोक्को, अल्जेरिया म्हटले की आपण अरब देश म्हणून मोकळे होतो. पण तिथल्या ॲटलस पर्वतातले मूळ रहिवासी अरब नाहीत. जग त्यांना बर्बर म्हणते, ते स्वतःला अमाझिग म्हणवतात. इस्लाम त्यांच्यापर्यंत पहिल्या हिजरी शतकातच पोहोचला. भाषा त्यांनी आपलीच ठेवली, आणि त्यांच्या बायकांनी चांदी ठेवली. सोने शहरातल्या बायकांचे, डोंगरातल्या बाईचा दागिना चांदीचा.

तो घालण्याची तऱ्हा आपल्यापेक्षा वेगळी. अंगावरचे वस्त्र शिवलेले नसे. लांब कापड अंगाभोवती घेऊन दोन्ही खांद्यांवर चांदीच्या मोठ्या त्रिकोणी काट्यांनी अडकवायचे. या जोडीला तिझरझाई म्हणतात. दोन काट्यांच्या मधे छातीवर साखळी लोंबे आणि तिच्या मध्यावर अंड्याच्या आकाराचा, मिन्याचा रंगीत मणी. काही हार तर गळ्यात न घालता या काट्यांनाच अडकवत. कानाजवळचे जड झुबे डोक्याच्या पट्टीला बांधत, म्हणजे कानाच्या पाळीला ओढ बसत नसे. (भारी झुमक्यांनी कान ओघळलेल्या आपल्या नानीच्या पिढीला ही युक्ती आवडली असती.) गळ्यातल्या माळांत लाल पोवळे, पिवळा अंबर, हिरवट ॲमेझोनाइट आणि चांदीची नाणी. आपल्या पुतळ्यांच्या माळेची आठवण यावी. स्पॅनिश, फ्रेंच, जे नाणे हाती येई ते सोनाराकडे जाई. काही ओवले जाई, काही वितळे. मोरोक्कोतले हे कारागीर पुष्कळसे यहुदी होते. 1948 नंतर त्यांतले बहुतेक देश सोडून गेले. तिझनित गावचा चांदीबाजार आजही चालतो.

अल्जेरियाच्या काबिली डोंगरात आयत यन्नी हे गाव निळ्या-हिरव्या-पिवळ्या मिन्यासाठी प्रसिद्ध. तिथली एक रीत मात्र मला खटकते. मुलगा झाला की आईने गोल बिल्ला कपाळावर मिरवायचा. मुलीच्या जन्मावर तोंड काळे करणाऱ्यांना कुरआनने खडसावले आहे, आणि ही खोड फक्त काबिलीची नाही.

या दागिन्यांतला बराचसा भाग लग्नात आलेला असे आणि तो तिचा असे. महेर बाईच्या हातात द्या, हा सूरह निसाचा हुकूम आहे. पाऊस ओढ देई तेव्हा तीच माळ बाजारात जाई आणि बरा हंगाम आला की नवी चांदी घेतली जाई. म्हणून हार म्हणजे शोभा आणि गल्ला दोन्ही. पुढे शिवलेले कपडे आले, काट्यांची गरज संपली, आणि जुन्या जोड्या व्यापाऱ्यांकडून परदेशी गेल्या. मराकेशच्या माजोरेल बागेत 2011 साली बर्बर संग्रहालय उघडले. तिथे हे दागिने काचेआड बघायला मिळतात.

शोभा आणि गल्ला, इथेच जकातीचा प्रश्न येतो. मोरोक्कोत मालिकी फिक्ह चालते. त्यात अंगावर वापरायच्या दागिन्यांवर जकात नाही. पण तोच दागिना अडीअडचणीसाठी म्हणून जपून ठेवला असेल तर आहे. म्हणजे तिझनितच्या बाईला आधी स्वतःच्या मनाला विचारावे लागते, ही माळ मी घालते की साठवते? आपल्या कोकणातली शाफई घराणी वापरातल्या दागिन्यांवर सहसा जकात धरत नाहीत. घाटावरच्या हनफी घरांत घाला किंवा पेटीत ठेवा, निसाब भरला की जकात आहेच. कोकणची मुलगी घाटावर दिली की पहिल्याच रमजानात सासू-सुनेचा यावर वाद होतो. अशा वेळी दोघींनी आपापल्या मसलकच्या आलिमांना विचारावे. एकीने दुसरीला गुनहगार ठरवू नये.

मात्र जकात लागू होत असेल तर ती मालकिणीवर आहे, नवऱ्यावर नाही. म्हणून आधी मालकी ठरवा. सासूने निकाहच्या दिवशी घातलेला हार दिलेला की वापरायला दिलेला, हे त्याच दिवशी चार माणसांत स्पष्ट बोलून घ्या. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे 612 ग्रॅम. सोने, रोकड सोबत असेल तर हिशेब बदलतो, तोही विचारून घ्या. शाबानमध्येच पेटी उघडून वजन करून ठेवावे, रमजानात सोनाराकडे गर्दी असते.