तोंड पाहून पत्ता ओळखणाऱ्यांनो

आखाजीला खान्देशात बायका झोक्यावर आणि पुरुष पत्त्यांवर. धुळ्याकडच्या डावात एक फुशारकी हमखास कानावर येते: "मी तोंड देखीसन पत्ता वळखस." जळगावातली पोकर शिकलेली पोरं तीच फुशारकी मारतात, फक्त इंग्रजी शब्द पेरून. हा दावा खोटा आहे. त्याच्या जोरावर माणसं घरचा पैसा लावतात, म्हणून तो खोडून काढलाच पाहिजे.

आधी तीन पत्ती घ्या. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात निघतात आणि त्यांतल्या १६,४४० हातांत साधी जोडी किंवा तिच्यावरचं काहीही नसतं. "त्याच्याकडे काहीच नव्हतं, मी ओळखलं" असं सांगणारा पाठ फिरवून बसला असता, तरी वाटलेल्या हाताबद्दल चारांत जवळपास तीनदा खरा ठरला असता. बंद खेळणाऱ्याचा चेहरा वाचणारे तर अजबच. ज्याने स्वतःची पानं पाहिलेली नाहीत, त्याच्या तोंडावर ती उमटणार कुठून?

नो-लिमिट होल्डेम पोकरमध्ये ओळखायला खरोखर काहीतरी असतं, पण ते चेहऱ्यावर नसतं, लावलेल्या रकमेत असतं. प्रत्येकाला दोन पानं, मध्ये सगळ्यांची पाच, बोलीच्या चार फेऱ्या. दोन पानांचे हात १,३२६. समोरचा प्रत्येक फेरीत काय करतो, त्यावरून त्यातले एकेक हात गाळत जायचे. एका नेमक्या हातावर बोट ठेवणारा पहिल्याच पायरीवर चुकतो.

माझ्या हातात दोन राण्या आहेत असं धरा. जपून खेळणाऱ्या एकाने पहिल्या जागेवरून रेज केली. त्याच्याकडे एक्के, राजे, राण्या, गुलाम किंवा दश्श्यांची जोडी, नाहीतर एक्का-राजा असू शकतो. मध्ये राजा, सत्ती, दुर्री उघडली. आता मोजू. एक्क्यांच्या जोड्या ६, एक राजा समोर पडल्याने राजांच्या ३, एक्का-राजा १२. हे २१ हात माझ्या पुढे. गुलाम आणि दश्श्यांच्या १२ जोड्या माझ्या मागे, राण्यांची उरलेली एक जोडी बरोबरीची. त्याने आता रक्कम लावली, तरी इथवर तेवढीच भरून पाहणं चालतं. पुढची दोन पानं किरकोळ पडली, तरी त्याने दोन्ही वेळा पुन्हा रक्कम लावली, शेवटी तर पॉटएवढी. म्हणजे मला तिनांतून एकदा तरी जिंकायला हवं. पण राजा दिसत असताना तीन फेऱ्या गुलामांवर पैसे लावत राहणारा असा खेळाडू विरळाच. त्या १२ पैकी ३ उरल्या असं धरलं, तरी बरोबरीची जोडी सोडून २४ हातांत माझे ३, आठांत एक. राण्या टाकायच्या. त्याने घाम पुसला की चहा मागवला, याचा इथे काडीचा संबंध नाही.

तोच माणूस वाटेल त्या पानांवर रेज करणारा असेल, तर पहिली यादीच वेगळी बनते आणि निर्णयही उलटू शकतो. म्हणून लक्ष ठेवायचं ते त्याने आधीच्या डावांत काय दाखवलं, कशावर किती लावलं यावर. जळगावचा सराफ गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून सोनं घेत नाही, कसोटीवर घासूनच भाव सांगतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पोकर कौशल्याचा खेळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कौशल्य मानलं ते रमीत. तीन पानांच्या खेळाला नशिबाचाच ठरवलं. पोकरला गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगार म्हटलं. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तर ऑनलाइन पैशांचे खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंद केले. माझं मत स्पष्ट आहे: पोकरमध्ये कौशल्य आहे, पण ते मोजणाऱ्याचं. न मोजता पैसे लावणाऱ्याने त्या शब्दाआड लपू नये. तो जुगारीच.

ज्याला आपल्या नजरेची खात्री आहे, त्याने एकही रुपया न लावता बसावं. शो होण्याआधी समोरच्याचे संभाव्य हात कागदावर लिहावेत, कोणते का गाळले तेही लिहावं आणि मग पानं उघडावीत. शंभर डावांचा असा हिशेब माझ्यापुढे ठेवा. पानं उघडल्यावर "मला माहीतच होतं" म्हणणाऱ्याचं मी ऐकणार नाही, तुम्हीही ऐकू नका.