कॅटलॉगमधला दगड आणि तारापूरची हवा

पालघर-बोईसर पट्ट्यात घराला नवं ‘एलिव्हेशन’ करून द्यायचा जो धंदा जोरात चालू आहे, तो लोकांची उघड फसवणूक आहे. लॅपटॉपवर थ्रीडी व्ह्यू उघडतो. आकाश निळंशार, भिंत अर्धी कोळशासारखी करडी, अर्धी पिवळ्या जैसलमेर दगडाची. त्या चित्रात पाऊस कधीच पडत नाही. इथे मात्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेची झड भिंतीवर आडवी आपटते. कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस त्या चित्रावर भुलून पीएफचे पैसे मोजतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत दर्शनी भिंतीचे पोपडे झाडत बसतो. मला राग आहे तो या पैशांचा.

दगडाचं आधी सांगतो. जैसलमेर, कोटा, संगमरवर ही सगळी चुनखडीची भावंडं. आम्ल लागलं की ती झिजतात, एवढं रसायनशास्त्र दहावीच्या मुलालाही येतं. आणि आपण राहतो कुठे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत सर्वांत वाईट ठरलं ते आपलं तारापूर, गुण ९३.६९. ताजमहालाचा संगमरवर धुरापासून वाचवायला १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला आग्रा-मथुरा भागातल्या कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांवर आदेश काढावा लागला. ती मथुरासुद्धा २०१८ च्या यादीत आपल्या खाली आहे. एमआयडीसीच्या धुराखाली, पास्थळ-सालवडच्या बंगल्यांवर, उघड्यावर चुनखडीचा दगड लावा असं सुचवणाऱ्याला एकतर आपलं काम येत नाही, नाहीतर त्याला तुमच्या घराशी काही देणंघेणं नाही.

वालुकाश्माची तक्रार वेगळी. धोलपूर किंवा ग्वाल्हेरचा दगड आम्लाला बऱ्यापैकी पुरून उरतो, पण पाणी पितो. चिंचणी, नवापूर, सातपाटी, केळवे इथली हवा खारी. त्या हवेतलं मीठ पाण्याबरोबर दगडात मुरतं, सुकताना आत मिठाचे कण धरतात आणि दगडाचा पापुद्रा आतून सुटतो. वर ठेकेदार पैसे वाचवायला साध्या लोखंडाचे क्लॅम्प मारतो. ते गंजून फुगतात आणि दगडालाच तडा देतात. स्टेनलेस स्टीलचे मागितले तर ‘त्याची गरज नाही साहेब’ हे उत्तर तयार असतं.

गरज आहे. पाऊण इंच जाडीचा दगड चौरस मीटरला सुमारे ५० किलो भरतो. डहाणू-तलासरीकडे, धुंदलवाडीच्या आसपास, नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. अशा जिल्ह्यात नुसत्या सिमेंटच्या कालवणावर चिकटवलेल्या लाद्या मुख्य दरवाज्याच्या वर टांगायच्या, आणि त्याखालून घरातली पोरं रोज ये-जा करणार! हा प्रश्न आवडीनिवडीचा राहतच नाही.

रंगाचंही तेच. गडद करडा, काळसर, ‘चारकोल’ हे सध्याचं वेड. पश्चिमेच्या भिंतीवर तो रंग मे महिन्यात आणि ऑक्टोबरात दुपारभर ऊन शोषून घेतो आणि रात्री खोलीत सोडतो. मग एसी घ्या, बिल भरा. खडबडीत टेक्स्चर मारलं तर त्याच्या खाचांत धूळ बसते, पाणी थांबतं, श्रावणात शेवाळ धरतं. त्याहून वाईट म्हणजे रंगकामाची वेळ. दसरा-दिवाळीच्या घाईत, पावसाने भिजलेली भिंत सुकायच्या आत, तिच्यावर प्लास्टिकसारखा वॉटरप्रूफ रंग चढवतात. ओल आत कोंडली जाते आणि भिंतीला फुगे येतात. मग दोष कंपनीच्या डब्याला. अहो, भिंत सुकू द्या, रंग जानेवारीत काढा, दिवाळी कुठे पळून जात नाही!

इथल्या जुन्या लोकांना हे कळत होतं. वारल्यांच्या कारवीच्या कुडावर शेणमातीचा गिलावा असे, म्हणून छप्पर भिंतीच्या पुढे खूप खाली उतरलेलं असे. माहीम-केळव्याच्या कौलारू घरांना पुढे ओटी असे, आणि पावसाळ्याआधी झडीच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधत. भिंत भिजूच नये, ही सगळी तजवीज. आज आपण कंपाउंडवर अॅक्रिलिकमध्ये वारल्यांचा तारपा नाच रंगवून घेतो आणि त्या घरांचं शहाणपण मागास म्हणून फेकतो. छज्जा ‘जुनाट दिसतो’ म्हणून तोडला जातो, त्या जागी चौकोनी डबा येतो. दीड-दोन फुटांचा छज्जा, त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच, हा खर्च दगडाच्या आधी करा. तो होत नसेल तर दगड लावूच नका.

दगड हवाच असेल तर काळा घ्या. तारापूरचा, शिरगावचा किल्ला समुद्राच्या वाऱ्यात शतकानुशतकं उभा आहे. आपल्याच डोंगरांतला काळा पाषाण आपण सुरुंग लावून खडीसाठी चुरतो आणि भिंतीला त्याच्यासारखी दिसणारी मोरबीची टाइल चिकटवतो, याचा मला संताप येतो. जोत्याला घडीव काळा दगड, वर फिका रंग, एवढ्यात घर देखणं दिसतं. बाकी कुठलाही दगड घेताना तुकडा घरी आणा, त्यावर लिंबू पिळून रात्रभर ठेवा. सकाळी चकाकी गेलेली दिसली तर तो परत करा.

आणि आगाऊ रक्कम देण्याआधी कागदावर घ्या: पाच पावसाळ्यांत दगड सुटला किंवा रंग फुगला तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने. जो विचारेल त्याला मी हा कागद मागायला सांगतो. त्यावर सही करणारा ठेकेदार अजून माझ्या ऐकण्यात नाही.