पंधरा जणांची वेचणी

दिवाळीच्या सुमारास आमच्या कोरपना भागातली वावरं कापसानं पांढरी होतात. वेचणीला बाया येतात. प्रत्येकीच्या ओळी ठरलेल्या, कुणी कुणाच्या ओळीत शिरत नाही. एकटीला जे काम पंधरा दिवस पुरेल, ते पंधराजणी मिळून एका दिवसात उरकतात.

हीच वेचणी मी परवा गणिताच्या तासाला वर्गात आणली.

फळ्यावर लिहिलं, २४९१. म्हटलं, "दोन संख्यांचा गुणाकार करून ही संख्या तयार झाली आहे. त्या दोन संख्या शोधा. १ आणि २४९१ चालणार नाहीत." मुलं कामाला लागली. २ ने जात नाही, ३ ने नाही, ५ ने नाही... पाच मिनिटांत निम्मा वर्ग कंटाळला.

मग आम्ही युक्ती केली. ५० गुणिले ५० म्हणजे २५००. तेव्हा दोन संख्यांपैकी एक तरी ५० पेक्षा लहान असणारच. आणि तपासायच्या त्या फक्त मूळसंख्या. २ पासून ४७ पर्यंत अशा किती? मोजल्या, तर बरोबर १५! पंधरा मुलं उभी केली, एकेकाला एकेक मूळसंख्या दिली. मिनिटभरात शेवटच्या बाकावरून आरोळी आली, "सर, माझ्यानं भाग गेला! ४७ त्रेपन्न वेळा!"

आता गंमत बघा. ४७ गुणिले ५३ करायला एका मुलाला अर्धं मिनिट पुरतं. पण २४९१ फोडायला अख्खा वर्ग लागला. जोडणं सोपं, फोडणं अवघड. याच अवघडपणाचं कुलूप करता येतं, हे १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी जगाला दाखवलं. त्यांच्या आडनावांवरून त्या रीतीला आरएसए म्हणतात. त्यांनी १२९ अंकी संख्या देऊन, ती फोडून दाखवा, असं आव्हानही दिलं. १९९४ मध्ये ती फुटली. कशी? सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक कामाला लावले, ओळी वाटून घेतल्या आणि आठ महिने वेचणी केली!

असं यश मिळालं की माणसाला हुरूप येतो. २००१ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीनं एक्सबॉक्स नावाचं खेळाचं यंत्र बाजारात आणलं. शाळेच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का लागतो ना? तसा प्रत्येक खेळाच्या तबकडीवर कंपनीचा गणिती शिक्का असे. शिक्का खरा नसेल तर यंत्र खेळ चालवतच नसे. शिक्का तपासायची संख्या यंत्रातच होती. पण शिक्का मारायला त्या संख्येचे दोन मूळ अवयव लागत, आणि ते कंपनीच्या तिजोरीत!

काही जणांना वाटे, यंत्र आपण विकत घेतलंय, तर त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली का चालवू नये? जानेवारी २००३ मध्ये 'निओ प्रोजेक्ट' नावाच्या गटानं स्वयंसेवकांना हाक दिली. घरचा संगणक रिकामा असेल तेव्हा त्यानं ही किल्ली शोधायची. पण कायद्याची अडचण दिसताच तो शोध लवकरच थांबला. कारण तीच किल्ली चोरून नक्कल केलेले खेळ चालवायलाही उपयोगी पडली असती.

हे सांगत होतो, तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "सर, पण वावरच लय मोठं असन तर? किती बाया आणायच्या?"

शाबास! हाच खरा प्रश्न आहे. ती संख्या होती ६१७ अंकी. आपल्या रीतीनं दोन अंक वाढले की तपासायचं काम जवळजवळ दहापट वाढतं. गणितज्ञांना याहून पुष्कळ हुशार रीती माहीत आहेत. तरीही २०२० साली फोडली गेलेली अशी संख्या २५० अंकीच होती, आणि त्यासाठी एका संगणक-गाभ्याला सुमारे २७०० वर्षं लागतील इतकं काम अनेक संगणकांनी वाटून घेतलं. ६१७ अंकी कुलपापुढे जगभरच्या बाया आणल्या तरी वावर संपलं नसतं.

मग एक्सबॉक्सवर लिनक्स चाललं का? चाललं! त्याच वर्षी काहींना एका खेळाच्या कार्यक्रमातच चूक सापडली. अर्धवट राहिलेला खेळ साठवून ठेवतात ना, त्या साठवणीतून ते आत शिरले. दाराचं कुलूप मजबूत, पण खिडकी उघडी! किल्ली मात्र वेचणीनं सापडली नाही.

मग स्वयंसेवकांची वेचणी फुकट जाते का? मुळीच नाही. वावर बघून बाया लावायच्या. आइनस्टाइन ॲट होम या प्रकल्पात लोकांच्या घरच्या संगणकांनी २०१० मध्ये आकाशातला एक नवा स्पंदक तारा शोधून काढला. तिथं कुणाचं कुलूप फोडायचं नव्हतं, आणि काम वाटून संपण्याजोगं होतं.

आईबाबांसाठीही एक गोष्ट. फोनवरून पैसे पाठवताना आपली राखण अशाच अवघड गणितांची कुलपं करतात. ती सहसा फुटत नाहीत. पण फोनवर कुणी गोड बोलून ओटीपी विचारला आणि आपण सांगितला, तर ती आपणच उघडलेली खिडकी असते, बरं का!

आता तुमची पाळी. ८६३३ फोडा. आधी एकट्यानं किती वेळ लागतो ते वहीत लिहा. मग मित्र-मैत्रिणी जमवा, २ पासून ८९ पर्यंतच्या चोवीस मूळसंख्या वाटून घ्या आणि पुन्हा वेळ मोजा. उत्तर पुढच्या अंकात!